भागामावशीची खुर्ची

भागामावशीला मी सात वर्षं दिवसातून तीनदा मोजलं. इतक्या वेळा मी माझ्या सख्ख्या आईकडेही बघितलेलं नाही. तरी पहिल्या सहा वर्षांत कुणी विचारलं असतं, की ही बाई कशी आहे, तर मला एवढंच सांगता आलं असतं: हिरवी साडी, दुसरी ओळ, उजवीकडची.

मी जेलमध्ये महिला शिपाई होते. बायकांच्या बरॅकीची मोजणी माझ्याकडे. मोजणीला बायका जोडीनं बसतात, उकिडव्या, दोन-दोनच्या रांगेत. मोजणारीला सोपं जातं म्हणून ही पद्धत. दोन, चार, सहा, आठ, की झालं. भागामावशीची जोडी शमीमशी. शमीम पैठण गेटच्या मागच्या गल्लीतली, मावशी फुलंब्रीच्या पलीकडच्या खेड्यातली. एक बडबडी, एक मुकी. शमीम मोजणी चालू असतानासुद्धा कुजबुजायची आणि माझ्या शिव्या खायची. मावशी समोरच्या बाईच्या अंबाड्याकडे बघत बसायची, मोजून झालं तरी उठायची नाही. शमीमनं कोपर मारलं की उठायची.

मावशीचे बोल दोनच. “व्हय मॅडम” आणि “सांगतील तसं.” आज भाजी कसली करायची, मावशी? सांगतील तसं. डोकं दुखतंय का? सांगतील तसं. एकदा मी चिडून म्हटलं, “डोकं तुझं आहे की सरकारचं?” तर तिनं खरंच विचार केला आणि मग नुसती मान हलवली.

प्रत्येक उंबऱ्यापाशी ती थांबायची. न्हाणीघराच्यासुद्धा. कुणी “जा” म्हणेपर्यंत उभी. अंगणातून जाताना भिंतीच्या कडेकडेनं जायची, मधून कधी नाही. आणि रोज सकाळी माझी ड्युटी सुरू व्हायच्या आत फाटकाजवळची माझी खुर्ची पदरानं पुसून ठेवायची. ती लोखंडी खुर्ची, एक पाय आखूड, खाली पत्र्याचा तुकडा घातलेला. तो तुकडासुद्धा ती नीट बसवायची. मी कधी तिला पुसायला सांगितलं नव्हतं आणि कधी नको असंही म्हटलं नव्हतं. फुकटची सेवा कुणाला नकोशी होते?

तिची फाइल मी वाचली होती. तिनं जावयाला मारलं होतं. लेक मीरा सासरच्या माराला कंटाळून तीनदा माहेरी आली, तीनदा परत गेली. तिसऱ्यांदा परत गेल्यावर पंधरा दिवसांनी मावशी पंचमीच्या बांगड्या घेऊन लेकीकडे गेली, तर जावई मीराचं डोकं जनावरांच्या हौदात दाबून धरत होता. दाराशी मुसळ टेकवलेलं होतं. पुढचं सांगायला नको. मीरानं कोर्टात जे झालं ते सांगितलं, “आईनं मारलं.” खोटं काहीच नव्हतं त्यात. जज्जसाहेबांनी मावशीला विचारलं, “तुम्हाला काही सांगायचं आहे का?” मावशीनं वकिलाकडे बघितलं. वकिलानं नकारार्थी मान हलवली. मावशी म्हणाली, “नाय साहेब.” जन्मठेप झाली.

त्यानंतर मीरा एकदाही मुलाखतीला, म्हणजे आईला भेटायला, आली नाही. सासरच्यांनी तिला बाहेर काढलं होतं. लासूर स्टेशनच्या मार्केटात कांदे निवडायला जाते, खोली करून एकटी राहते, एवढी खबर कुणीतरी गाववाल्यानं आणली होती. आम्ही सगळ्या धरून चाललो होतो, की नवऱ्याला मारलं म्हणून लेक आईवर राग धरून आहे. मुलाखतीच्या दिवशी मावशी मात्र डोक्याला तेल लावून, पदर खोचून तयार बसायची. नाव पुकारलं जायचं नाही. संध्याकाळी पदर सोडायची.

“बाहेर गेल्यावर काय करणार, मावशी?” असं नवीन बायका एकमेकींना विचारतात तसं कुणी तिला विचारलं, तर या एकाच प्रश्नाला ती “सांगतील तसं” म्हणायची नाही. म्हणायची, “मीराकडं जायचं. एक गोष्ट सांगायचीय.” काय सांगायचंय ते कधी सांगितलं नाही. शमीमलासुद्धा नाही. मी एकदा म्हटलं, “चिठ्ठी लिही. शमीम लिहून देईल.” तर म्हणाली, “चिठ्ठीत नाय मावायचं. तोंडानंच सांगायचंय.”

जन्मठेपेच्या कैद्याला लवकर सोडायचं का, हे ठरवायला एक समिती बसते. मावशी तिच्यापुढे दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा मीच नेलं होतं. साहेब लोक विचारायचे आणि ही जमिनीकडे बघत उभी. फार दाबून विचारलं तर, “सांगतील तसं.” एका साहेबांनी वैतागून लिहिलं, कैदी संवाद साधत नाही. दोन्ही वेळा फाइल परत.

अशात आमच्याकडे नाटक आलं.

रेवती मॅडम म्हणून एक बाई होत्या, नाटकाच्या मास्तरीण. क्रांती चौकातून रिक्षा करून आठवड्यातून दोनदा यायच्या. नाटकानं माणसाच्या मनात अडकलेलं मोकळं होतं, असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर मला ती श्रीमंतांची थेरं वाटली होती. पण हुकूम होता, आणि वर्गात शिपाई हजर पाहिजे असा नियमही होता. म्हणून मी कोपऱ्यात उभी राहून जांभया द्यायचे.

पहिल्या दिवशी रेवती मॅडम म्हणाल्या, “काही करायचं नाही. या खोलीत मनाला येईल तसं चाला फक्त.” बावीस बायका चालायला लागल्या. मॅडमनी टाळी वाजवून “थांबा” म्हटलं, तर बावीसच्या बावीस जोडीनं उभ्या. अकरा जोड्या, सरळ रांगेत, आणि शेवटच्या दोघी तर उकिडव्या बसल्यासुद्धा. मॅडम चकित. मला म्हणाल्या, “हे यांना कुणी शिकवलं?”

मी म्हटलं, “सरकारनं.”

त्या हसल्या नाहीत. मलाही मग हसू येईना. पुढचे तीन आठवडे त्यांनी बायकांना नुसतं एकटं चालायला शिकवलं. मावशी भिंतीच्या कडेनं चालायची आणि शमीम तिच्या मागं.

मग बायकांनी मिळून नाटक रचलं. दुसरं कशावर रचणार, कोर्टावरच. वकील व्हायला सगळ्या तयार. वकिलानं काय काय बोलायला पाहिजे होतं, ते प्रत्येकीला पाठ होतं. पोलीस व्हायलाही चार जणी पुढे आल्या. जज्ज व्हायला कुणी तयार होईना. शेवटी जज्जाला दोनच वाक्यं ठेवली आणि ती भागामावशीच्या गळ्यात मारली. पहिलं, “तुला काही सांगायचंय का?” आणि दुसरं शिक्षेचं. शमीम आरोपी. जज्जानं विचारल्यावर तिनं “नाय साहेब” म्हणायचं, की नाटक संपलं.

पण जज्जाला खुर्चीत बसावं लागतं, आणि घोडं तिथंच अडलं. मावशी खुर्चीपाशी गेली, पदरानं खुर्ची पुसली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली. तिथून, गुडघ्यात मान घालून तिनं शमीमला विचारलं, “तुला काही सांगायचंय का?” सगळा वर्ग लोटपोट. शमीम म्हणाली, “अरे मावशे, जज तू है की मैं?”

रेवती मॅडम म्हणाल्या, “वर बसा ना, मावशी.” मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “बस की.” बसली, पण काठावर, दोन बोटं टेकून. मला ठसका लागला, तशी ताडकन उठली. पुढच्या वेळी तेच. त्याच्या पुढच्या वेळी तेच. मी हलले की मावशी उभी. शिपायासमोर खुर्चीत बसायचं नाही, हे तिच्या हाडात गेलं होतं आणि मी तिथं होतेच. मॅडमनी मला बाहेर थांबायची विनंती केली. मी नियम दाखवला. शिपाई वर्गातच पाहिजे.

“मग खाली बसाल?” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“यांच्यासारखं. जोडीत.”

मला राग आला. मी वर्दीत होते. पण बावीस बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि नाही म्हणायला कारण सुचेना. शमीम आरोपी म्हणून पुढे उभी होती, त्यामुळे मावशीच्या जोडीची जागा रिकामी होती. मी गेले आणि तिथं उकिडवी बसले. दोन मिनिटांत पोटऱ्यांना मुंग्या आल्या. ज्या मोजणीला मी रोज पाव तास लावत होते, ती मोजणी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. बेल्ट पोटात रुतत होता आणि समोर कुणाचा तरी अंबाडा, दुसरं काही दिसत नव्हतं.

मावशी उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच मागं सरली आणि खुर्चीत बसली. पाठ टेकवून. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर. तिनं माझ्याकडे पहिल्यांदाच वरून बघितलं. मला ते आवडलं नाही, खरं सांगते. पण त्या दिवशी तिनं प्रश्न विचारला तो खणखणीत.

नाटक अंगणात झालं. पुढे साहेब लोक, मागे सगळी बरॅक. वकील झालेल्या बाईनं तर असं काही भाषण ठोकलं, की आमचे साहेबही टाळ्या वाजवायला लागले. शेवटी जज्जाची वेळ आली. मावशीनं विचारलं, “तुला काही सांगायचंय का?”

शमीम ठरल्याप्रमाणे म्हणाली, “नाय साहेब.”

इथं मावशीनं शिक्षा सुनवायची होती. ती गप्प. रेवती मॅडम बाजूनं खुणा करायला लागल्या. मला वाटलं, विसरली. तर मावशी थोडी पुढं वाकली आणि म्हणाली, “नाय कसं? मी इथं बसलेय कशाला? सांग. मला घाई नाय.”

हे कुणी लिहिलेलं नव्हतं. शमीमनं मॅडमकडे बघितलं, मग माझ्याकडे. मावशी तिच्याकडेच बघत होती. मागच्या स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. साहेबांनी घड्याळ बघितलं. मावशी बसून होती.

मग ती बडबडी शमीम इतक्या बारीक आवाजात बोलली, की मागच्या बायका पुढं सरकल्या. “साब, चूल्हे पे दूध था. पुलिस आयी तो मैं बोली, दूध उतार के आती. घर में बच्ची अकेली थी, पाँच साल की. किसीने नै सुना. मेरेकू वैसाच ले गये.”

मावशीनं विचारलं, “मंग? दुधाचं काय झालं?”

“मालूम नै साब. आज तक मालूम नै.”

आणि शमीम खाली बसून रडायला लागली. मावशी खुर्चीतून उठली नाही. जज्ज उठत नसतो, हे तिनं धरून ठेवलं होतं. तिनं तिथूनच सांगितलं, “कोर्टानं ऐकलं. लिहून घ्या, दूध चुलीवर व्हतं.” कोर्टाचा कारकून झालेल्या पोरीनं खरंच लिहून घेतलं.

मागच्या ओळींतून हुंदके यायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी टोपी नीट करायच्या निमित्तानं पुसलं. मी यायच्या आधीपासून या दोघी शेजारी शेजारी बसत होत्या आणि दुधाचं मावशीलाही माहीत नव्हतं.

साहेब खूश झाले. मावशीची फाइल त्यांनी स्वतः शिफारस लावून समितीकडे पाठवली. बरॅकीत सगळ्यांनी धरलंच, की मावशी आता सुटली. बोलायला लागली म्हणजे सुटली. मीही तेच धरलं होतं. दुपारी ती तांदूळ निवडायला बसली, की मी खुर्ची ओढून तिच्यापुढे बसायचे आणि तालीम घ्यायचे. “साहेब विचारतील, पश्चात्ताप होतो का? काय सांगायचं?”

“व्हतो.”

“नुसतं नाही. व्हतो साहेब, माझ्या हातून चूक झाली, पुन्हा होणार नाही.”

“व्हतो साहेब, मपल्या हातून चूक झाली, पुन्यांदा व्हनार नाय.”

पन्नास वेळा घोकून घेतलं. शमीमनं तिच्यासाठी बांगड्यांचा जोड जपून ठेवला होता, मीराला द्यायला. मावशीनं एकटीनं अंगण मधून पार केलं ते याच दिवसांत.

समितीच्या खोलीत लांब टेबल आणि पलीकडे तीन साहेब. अलीकडे एक खुर्ची. मधले साहेब सज्जन होते, म्हणाले, “बसा मावशी.” मावशी बसली. माझ्याकडे न बघता, पाठ टेकवून. मला इतका अभिमान वाटला, जणू मीच नाटक शिकवलं होतं.

“पश्चात्ताप होतो का?”

“व्हतो साहेब.”

साहेबांनी लिहिलं. मी श्वास सोडला. साहेब तिथं थांबले असते तर काय बिघडत होतं? पण माणूस भला होता, म्हणून त्यानं मनापासून विचारलं, “कशाचा?”

पन्नास वेळा घोकलेलं वाक्य तिच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. मग ती म्हणाली, “लेकीला तिसऱ्या बारीला परत धाडलं, त्याचा. तिनं पाय धरले व्हते माझे. म्हणली, आई, तो मारून टाकील मला. मी म्हणलं, लोकं काय म्हणतील, दिल्या घरी मर. मी सोता तिला एष्टीत बसवलं. ती मागच्या काचंतून बघत व्हती. मी हात बी नाय हालवला.”

“आणि जावयाचा मृत्यू झाला, त्याबद्दल?”

“त्याचा नाय साहेब.”

साहेबांचं पेन थांबलं. शेजारच्यांनी विचारलं, “पुन्हा तशी वेळ आली तर?”

“पुन्यांदा लेकीला परत धाडनार नाय.”

मधल्या साहेबांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, त्यांना पटलं होतं. पण कागदावर एकच रकाना होता आणि गुन्ह्याचा पश्चात्ताप नाही, हे त्यात लिहावंच लागलं.

परत येताना मी तिला नाही नाही ते बोलले. “तोंड उघडायला शिकलीस ती यासाठी? एक वाक्य म्हणायचं होतं. एक! उद्या मीराकडे गेली असतीस. तिलाच सांगितलं असतंस हे सगळं, त्या साहेबांना सांगून काय मिळालं?”

मावशी उंबऱ्यापाशी थांबली नाही, सरळ आत आली. मग म्हणाली, “मॅडम, त्यानं खुर्चीत बसून इचारलं. खरंच इचारलं. मी बी बसले व्हते ना खुर्चीत. शमीमनं मला खोटं सांगितलं असतं तर?”

ती पुढं म्हणाली, “आन् मीराला सांगायचं ते मला तरी कुठं ठावं व्हतं? नुसतं आत अडकलं व्हतं. तिथं पैल्यांदा शबुद झाले त्याचे.”

दोन महिन्यांनी कागद आला. नामंजूर. पुन्हा विचार व्हायला काही वर्षं लागणार. शमीमनं भांडी आपटली, मला आणि सरकारला एकत्र शिव्या दिल्या. मावशीनं कागदावर अंगठा दिला आणि तांदूळ निवडायला गेली. त्या दुपारी मी तिच्यापाशी जाऊन म्हटलं, “मी जाते लासूरला. मीराला सांगते, आई असं असं म्हणाली.” नोकरी गेली असती माझी, तरी गेले असते. मनापासून म्हटलं होतं.

ती म्हणाली, “नगं मॅडम. तुमी सांगितलं तर ती तुमच्याकडं बघंल. तिनं माझ्याकडं बघाया पाहिजे.”

रेवती मॅडम पुढच्या वर्षी आल्या नाहीत, त्यांची परवानगी संपली होती. माझीही बदली झाली. आता रात्री झोपताना कधी कधी वाटतं, आम्ही तिला गप्पच राहू दिलं असतं तर? गप्प राहूनही ती आतच होती म्हणा. आणि मी शिकवलेलं खोटं बोलून ती सुटली असती, तर मी आज आनंदानं मिरवलं असतं, हेही मला माहीत आहे. माझी मलाच लाज वाटते.

शेवटच्या दिवशी मी दुपारची मोजणी केली. दोन, चार, सहा, आठ. दुसऱ्या ओळीत मावशी आणि शमीम. मोजून झाल्यावर चाव्या सोपवायला ऑफिसात गेले, सह्या केल्या. पाण्याची बाटली खुर्चीजवळ राहिली होती म्हणून परत आले आणि फाटकाच्या गजांतून आत बघितलं.

चार दिवसांपूर्वी एक पोर आली होती, विशीतली. आल्यापासून जेवत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती, कोर्टात केस अजून उभी राहायची होती. ती अंगणाच्या मधोमध उकिडवी बसलेली, मान खाली. तिच्यासमोर माझी लोखंडी खुर्ची. आखूड पायाखाली पत्र्याचा तुकडा नीट घातलेला. आणि खुर्चीत भागामावशी, पाठ टेकवून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर.

कैद्यानं शिपायाच्या खुर्चीत बसणं म्हणजे गुन्हा. मी ओरडायला पाहिजे होतं. मावशीनं मला बघितलं. उठली नाही. पुन्हा त्या पोरीकडे वळली.

“नाय कसं? सांग,” ती म्हणाली. “मला घाई नाय.”

मी बाटली तिथंच राहू दिली. फाटकाचं कुलूप सवयीनं दोनदा ओढून बघितलं आणि निघाले.